वासराच्या मापाचा पाळणा

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात लाकडावर आमच्या साडूंइतका जीव लावणारा माणूस दुसरा नाही, आणि लाकडानं ज्याच्यावर इतका मनापासून राग धरला असा माणूसही दुसरा नाही. बाजारातून आणलेली फळी आपल्या घरी गुमान सरळ राहते. तीच फळी साडूंच्या ओसरीला आठ दिवस टेकवून ठेवा, ती अशी अंग मोडून घेते की तिची ओळख पटू नये. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला कळमनुरीला, नोकरी जनावरांच्या दवाखान्यात, ड्रेसर म्हणून. बैलाच्या खांद्याची सूज, गाईच्या खुरातला काटा, म्हशीच्या कासेवरची जखम, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं, आणि त्या कामात त्यांचा हात असा हलका की मालकाला लाथा घालणारी म्हैससुद्धा त्यांच्यापुढं मान खाली घालून उभी राहायची. त्याच हातात करवत आली की हाताला काय व्हायचं, देव जाणे. माझं वसमतला औषधाचं दुकान आहे. नव्वदनंतरच्या दहा वर्षांत माझ्या दुकानातली चिकटपट्टी आणि आयोडीन सगळ्यात जास्त कुठं खर्ची पडलं असेल, तर ते आमच्या साडूंच्या डाव्या अंगठ्यावर.

हा नाद त्यांना जन्मापासूनचा नव्हता. त्यांच्या घरी रंगीत टीव्ही आला, तिथून तो लागला. टीव्ही आला, पण ठेवायला जागा नाही, म्हणून तो ज्वारीच्या पत्र्याच्या कोठीवर विराजमान झाला. अक्काला, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीला, दळणाला ज्वारी काढायची असली की आधी टीव्ही उतरवावा लागे. साडूंनी सुताराला स्टँड सांगितला. सुतार म्हणाला, पोळा होऊ द्या. पोळा झाला, तर म्हणाला, दसरा होऊ द्या. दसऱ्यानंतर त्यानं कापूस घरात येऊ द्या म्हटल्यावर मात्र साडूंचं डोकं फिरलं. "साडूभाऊ, बैलाचं पोट फुगलं तं म्या म्हणतो का, दसरा होऊ द्या म्हणून?" त्यांनी मला विचारलं होतं. पुढच्याच आठवडी बाजारात त्यांनी करवत, रंधा, पटाशी आणि हातोडा विकत घेतला आणि दुकानदारालाच विचारलं की यातलं आधी काय वापरायचं.

आता कुणी म्हणेल, नवशिक्या माणसानं एखाद्या सुताराजवळ चार दिवस बसावं, बघावं. साडू बसले नाहीत. सुतार या जातीच्या प्राण्याशी त्यांचं बोलणंच बंद होतं. शिवाय त्यांची अशी समजूत होती की लाकूडकामातलं जे काही शिकण्यासारखं आहे ते त्यांनी नोकरीत रोज पाहिलेलं आहे. जनावरांच्या दवाखान्यासमोर एक खोडा असतो. चार जाड खांब जमिनीत रोवलेले, त्यांना आडव्या दांड्या. जनावर आत घ्यायचं, पुढून मागून दांडी सरकवायची, म्हणजे ते जागचं हलत नाही आणि माणसाला शांतपणे औषधपाणी करता येतं. पिसाळलेला वळूसुद्धा ज्यातून बाहेर पडू शकत नाही, त्या वस्तूइतकी मजबूत वस्तू जगात दुसरी नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यामुळं त्यांनी जे काही केलं, तो खोडाच झाला. टीव्हीचा स्टँड तयार झाला तेव्हा आम्ही मुद्दाम बघायला गेलो. चार खांबांच्या मधोमध टीव्ही, आणि तो पुढं सरकू नये म्हणून समोर दोन आडव्या दांड्या. बातम्या देणारी बाई त्या दांड्यांच्या मागून बोलत होती. एरवी ती बऱ्यापैकी हसतमुख असायची, पण त्या घरात ती कधी सुटेल याची काळजी वाटायची. "दांड्या काढा की," मी म्हणालो. "आन् टीव्ही पडला तं?" ते म्हणाले. वर्षभरानं अक्कानं टीव्ही पुन्हा कोठीवर नेला आणि स्टँडवर पाण्याचा ड्रम ठेवला. भरलेला ड्रम त्या स्टँडनं असा पेलला की जणू तो त्यासाठीच जन्माला आला होता. आजही तो तिथंच आहे.

मग खुर्ची झाली. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही गेलो, तर ओसरीत नवीकोरी खुर्ची, आणि साडू तिच्या शेजारी उभे. "बसा," म्हणाले. तुम्हाला सांगायला हरकत नाही, औषधाच्या दुकानात दिवसभर बसून माझा देह जरा ऐसपैस झालेला आहे, आणि साडू अंगानं काटकुळे. खुर्चीचं माप त्यांनी स्वतःवरून घेतलेलं. त्यातही पुढच्या बाजूला त्यांनी एक आडवी दांडी केली होती, कारण पुढं काही नसलं की माणूस सरकतं असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दांडी उचलली, मी कसाबसा आत शिरलो, त्यांनी दांडी खाली टाकली. चहा येईपर्यंत सगळं ठीक होतं. चहा पिऊन मी उठलो, तर माझ्याबरोबर खुर्चीही उठली. लिंबाचं ओलं लाकूड फुगलं होतं आणि दांडी काही केल्या वर येईना. मी धडपडायला लागलो तशी माझी बायको हसून हसून तिथंच जमिनीवर बसली. साडू मात्र जराही गडबडले नाहीत. "घाई करू नका, साडूभाऊ. घाबरलं की जनावर जास्त अडकतंय," असं म्हणत ते एका हातानं पाचर ठोकत होते आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीवरून सावकाश हात फिरवत होते. खरं सांगतो, तेवढ्यानं मला बरं वाटलं. त्या क्षणी मला कळलं की म्हशी यांच्यापुढं गरीब का होतात.

त्याच खुर्चीचा पुढं एक पाय तडकला. दुसऱ्या कुणी खिळा ठोकला असता. साडूंनी बैलाच्या मोडक्या पायाला बांधतात तशा बांबूच्या खपच्या दोन्ही अंगांनी लावल्या, माझ्या दुकानातून मागवलेली प्लास्टरची पट्टी त्यावर गुंडाळली, आणि तीन आठवडे कुणी बसायचं नाही म्हणून ताकीद दिली. ओसरीच्या कोपऱ्यात पाय प्लास्टरमध्ये घेतलेली ती खुर्ची उभी. येणारे जाणारे पाव्हणे तिची विचारपूस करत. "आता कसं हाय?" कुणी विचारलं की साडू गंभीरपणे सांगत, "सूज उतरलीय." त्यांना यात विनोद वाटत नसे. करवत चालवतानाही ते लाकडाशी "होऽ, होऽ, उभी ऱ्हाय माय" असं बोलत. आणि गंमत बघा, प्लास्टर काढल्यावर तो पाय पुन्हा कधीच मोडला नाही. बाकीचे तीन मोडले.

लाकडाला सरळ करायचं त्यांचं एक खास ठिकाण होतं, ते म्हणजे दवाखान्यातला तोच खोडा. घरी फळी पकडून ठेवायला काही साधन नाही, म्हणून रविवारी दवाखाना मोकळा असला की ते वाकडी फळी सायकलवर बांधून तिकडं नेत, खोड्यात आडवी घालत आणि कासऱ्यानं आवळून बांधत. अशाच एका रविवारी मी त्यांना भेटायला तिकडं गेलो होतो. तेवढ्यात जवळच्या तांड्यावरचा एक शेतकरी गाय घेऊन आला. खोड्यात फळी बघून तो बिचारा थबकला. "साहेब, याला काय झालं?" त्यानं विचारलं. "वाकलंय. सरळ करून राहिलो," साडू मान वर न करता म्हणाले. शेतकऱ्यानं जरा वेळ बघितलं, गाय लिंबाला बांधली आणि कासऱ्याचं दुसरं टोक धरून म्हणाला, "मंग असं न्हाई वढायचं. वरून दाबा तुमी, म्या वढतो." दोघं मिळून फळीवर उपचार करायला लागले. एवढ्यात गाईनं एकदा खाकरल्यासारखा आवाज केला, आणि साडूंनी हातातलं सगळं तिथंच टाकलं. फळी बाहेर, गाय आत. पुढचा तासभर त्यांना मी तिथं असल्याचंही भान नव्हतं. गाईच्या घशात अडकलेली कसलीशी गाठ त्यांनी खांद्यापर्यंत हात घालून काढली. अंग भिजलेलं, शर्टाची बाही फाटलेली, आणि चेहऱ्यावर असं समाधान, जे मी त्यांच्या कुठल्याही खुर्चीकडं बघताना कधी पाहिलं नाही. त्या शेतकऱ्यानं पुढं उपकार म्हणून बैलगाडीभर बाभळीचं लाकूड आणून दिलं. अक्कानं त्या दिवशी कपाळावर हात मारून घेतला.

अक्काचं आणि लाकडाचं नातं आता तुमच्या लक्षात आलंच असेल. "घरात लाकूड आलं का मला नवी सासू आल्यावानी वाटतंय," ती म्हणायची. पण ती काही टाकून देत नसे. बसायचा बाक केला, त्याच्यावर तिनं वाळवणं घातली. चपला ठेवायची मांडणी केली, तिच्यात कोंबड्या गेल्या. कपाट झालं, पण त्याची दारं उघडायला दोन माणसं लागत, म्हणून त्यात वर्षातून एकदा लागणारी सगळी चीजवस्तू गेली. सगळं घर असं साडूंच्या हातच्या वस्तूंनी भरलं होतं, आणि घरातली माणसं जमिनीवर बसत होती. कुणी पाव्हणा चुकून त्यांच्या बाकाकडं वळला की आतून एकदम दोघंतिघं ओरडत, "इकडं बसा, सतरंजीवर!" साडू ते ऐकत आणि सतरंजीचं टोक स्वतःच सरळ करून देत. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायचो, आणि मला वाईट वाटायचं.

त्यांना एकच मुलगी, मंगल. हिंगोली परभणीतून वेगळा जिल्हा झाला त्याच्या आगेमागे तिचं लग्न झालं, सेनगावला दिली. वर्षा-दीड वर्षानं बातमी आली की तिला दिवस गेलेत आणि पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणं माहेरी होणार. घरात आनंदीआनंद. त्या आनंदाच्या भरात साडूंनी जाहीर केलं, "पाळणा म्या करणार."

आमच्या दोन्ही घरांतली सगळी लेकरं जुन्या लुगड्याच्या झोळीत वाढली. तुळईला दोरी बांधायची, लुगडं अडकवायचं, झालं. मंगलही तशीच वाढली. पाळणा ही आमच्याकडं दुसऱ्याच्या घरी बारशाला गेल्यावर बघायची वस्तू. "माह्या लेकीचं लेकरू झोळीत न्हाई झोपणार," साडू म्हणाले. अक्का एरवी त्यांच्या लाकूडकामाला हसून घ्यायची, त्या दिवशी हसली नाही. "कपाटं करा, बाकडे करा, कोंबड्याला राजवाडा बांधा," ती म्हणाली, "पण लेकराच्या अंगाखाली तुमचं लाकूड जाणार न्हाई. सांगून ठेवते." माझ्या बायकोनं बहिणीची बाजू घेतली. शेजारणींनीही घेतली. ज्या माणसाच्या खुर्चीचे चारही पाय मोडले, त्याच्या पाळण्यात कोण आपलं लेकरू ठेवील? साडूंचं मागणं तसं काहीच मोठं नव्हतं. आपल्या हातानं केलेल्या एका तरी वस्तूवर घरच्या माणसानं न भिता विसावावं, आणि ते माणूस आपलं नातवंड असावं. पण तेवढंच कुणाच्यानं देववेना.

साडू कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी कामाला सुरुवात केली. वसमतला एका जुन्या जिनिंगचं शेड पाडलं जात होतं, त्याचं सागवान विकायला निघाल्याचं मी त्यांना कळवलं. ते आले, एकेका नगावर बोटांनी टिचकी मारून, कान लावून त्यांनी लाकूड निवडलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी वाळलेलं लाकूड वापरलं, आणि लाकडानंही पहिल्यांदाच त्यांच्याशी जरा माणुसकीनं वागायचं ठरवलं असावं. त्या पाळण्यावर त्यांनी जेवढा वेळ घालवला तेवढा आधीच्या सगळ्या वस्तूंवर मिळून घालवला नसेल. एक दांडी घासायला बसले की दोन-दोन दिवस तीच. माझ्याकडून कापसाचं बंडल नेलं होतं. मला वाटलं पुन्हा अंगठा. तर ते कापसाचा बोळा घेऊन घासलेल्या दांडीवरून फिरवायचे. एखादा धागा कुठं अडकला की तिथं पुन्हा घासायचं. "साडूभाऊ, कापूस अडकला म्हंजी लेकराचं कातडं बी अडकणार," त्यांनी मला सांगितलं. लेकरू दांडी तोंडात घालील म्हणून पॉलिश नाही, फक्त करडीचं तेल चोळलेलं. आढ्याचा भरवसा नको म्हणून पाळणा छताला टांगायचा नाही, तर दोन्ही बाजूंनी भक्कम खांब आणि त्यांच्यामध्ये तो झुलायचा, अशी रचना. खोडाच तो, पण मी बोललो नाही.

बोललो ते त्याच्या आकाराबद्दल. पाळण्याचा सांगाडा जोडून झाल्यावर मी पाहिला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "साडूभाऊ, हे कुणासाठी?" त्यात दीड वर्षाची दोन पोरं मजेत झोपली असती आणि मध्ये उशी राहिली असती. साडू माझ्याकडं बघतच राहिले. "नवं लेकरू केवढं असतंय?" ते म्हणाले आणि दोन्ही हात पसरून माप दाखवलं. ते माप बघून मला सगळा उलगडा झाला. वीस-बावीस वर्षं त्यांनी जन्मलेली पिल्लं पाहिली ती गाई-म्हशींची. मंगल झाली तेव्हा ते दूर नोकरीवर, आणि घरी आले तोवर ती चांगली बाळसेदार झालेली. नंतरही तान्ह्या लेकराला हात लावायची त्यांना भीती वाटायची, दुरूनच बघायचे. नुकतं जन्मलेलं माणसाचं लेकरू किती लहान असतं हे त्या माणसाला ठाऊकच नव्हतं. त्यांनी वासराचं माप धरलं होतं. "जराक मोठं झालं असंल," ते शेवटी म्हणाले, "पण लेकराला तकलीफ तं न्हाई ना व्हणार?" मी म्हणालो, नाही होणार.

आणखी एक अडचण होती. पाळणा झुलतो कसा हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं. रिकामा पाळणा हलवू नये, अशी आमच्याकडं रीत. त्यांनी एकदा नुसता हात लावला तर अक्का आतून धावत आली. मग त्यांनी तुरीचं पोतं ठेवून बघतो म्हटलं. "पाळण्यात पोतं ठेवतात का कवा? इपरीतच काहीतरी!" अक्का म्हणाली. त्यामुळं तो पाळणा एकदाही न हलता चादर पांघरून ओसरीत उभा राहिला.

मंगलला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधीच, हिंगोलीच्या दवाखान्यात, आणि वजनानं फार कमी. आम्ही सगळे तिकडं गेलो. पहिले काही दिवस कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. साडूंनी काचेतून नात पाहिली आणि बराच वेळ आपल्या तळहाताकडं बघत राहिले. लेकरू खरोखरच त्यांच्या तळहातावर मावलं असतं. बाहेर येऊन ते मला एवढंच म्हणाले, "साडूभाऊ, माहं मापच चुकलं." इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून चुकलं हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

लेकरू सावरलं. दूध पिऊ लागलं, रडण्यात जोर आला, घरी आलं. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. अक्कानं गल्लीतल्या एका घरचा निकेलचा पाळणा मागून आणला, घासून पुसून चकचकीत केला, फुगे लावले आणि माजघरात मांडला. साडूंनी तो पाहिला. चांगला आहे म्हणाले. बारशाच्या दिवशी त्यांनी नवी पांढरी टोपी घातली आणि सकाळपासून पाव्हण्यांना पाणी देत फिरत राहिले. ओसरीतल्या त्या चादर घातलेल्या ढिगाऱ्याकडं न बघता ते असे ये-जा करत होते, जणू तिथं काही नाहीच. एका आगाऊ पाव्हण्यानं विचारलंसुद्धा, "हे काय झाकून ठेवलंय?" साडू म्हणाले, "काही न्हाई. लाकूड."

माजघरात बायका जमल्या. वरवंट्याला कुंची घालून तयार ठेवलं होतं. आमच्याकडं लेकराच्या आधी तो पाळण्याच्या खालून वरून फिरवतात. मंगलची नणंद नाव ठेवायला पुढं बसली. आम्ही बाप्ये मंडळी दारातून माना उंच करून बघत होतो. मंगल लेकरू घेऊन आली, निकेलच्या पाळण्याकडं बघितलं, मग दारातल्या बापाकडं, आणि विचारलं, "अप्पाचा पाळणा कुठंय?"

"अगं, असू दे तो," अक्का म्हणाली. "लेकरू केवढं, त्यो केवढा. आन् त्यो झुलतो का न्हाई ते बी कुणाला ठाव न्हाई. नाजूक जीव हाय, बाई. उगं हट्ट करू नको."

"मंग आधी मी बसते," मंगल म्हणाली.

बायका हसल्या, त्यांना वाटलं गंमत करतेय. पण तिनं लेकरू नणंदेच्या मांडीवर दिलं आणि दाराकडं तोंड करून हाक मारली, "काका, आत आणा तो." आम्ही सहा जणांनी तो उचलला. सहा लागले. दाराशी एकदा तिरका केला, एकदा सरळ केला, माझ्या पायावर आला, आणि शेवटी माजघरात टेकला. चादर काढल्यावर बायका हसायच्या थांबल्या. तेल पिऊन सागवान तांबूस झालं होतं, आणि कुठंही एक टोक म्हणून नव्हतं. मंगलनं पदर खोचला, काठाला धरून आत पाय टाकला, दुसरा टाकला, आणि मांडी घालून बसली. व्यवस्थित मावली. "माह्या टायमाला नव्हता ना," ती म्हणाली. "झोळीतच काढले दिवस. अप्पा, हलवा."

साडू दारात हातात तांब्या घेऊन उभे. पाळण्याची दोरी बायकांनी ओढायची, बाप्यांनी बारशात मध्ये यायचं नाही, हे सगळ्यांना ठाऊक. ते जागचे हलले नाहीत. अक्कानं त्यांच्याकडं बघितलं, मग आपल्या लेकीकडं, आणि दोरीपासून जरा बाजूला सरकली. "या की," ती म्हणाली. "काहून उभं राहून राहिले?" साडूंनी तांब्या माझ्या हातात दिला. ते आत गेले, दोरी धरली आणि अगदी हळू ओढली. पाळणा झुलला. आवाज नाही, धक्का नाही, तरणीताठी लेक घेऊन तो असा गेला आणि असा आला. साडूंनी तीनचारदा ओढली आणि मग डोळे पुसायला टोपी काढली. मंगलनं हात पुढं केला, नणंदेनं लेकरू तिच्याजवळ दिलं, आणि ती बाहेर येता येता त्याला मऊ दुपट्यावर ठेवून आली. एवढ्या मोठ्या पाळण्यात ते एवढंसं लेकरू कुठं आहे हे बायकांना वाकून शोधावं लागत होतं. वरवंटा फिरला, नाव ठेवलं गेलं, घुगऱ्या वाटल्या. निकेलचा पाळणा दुपारी फुग्यांसकट परत गेला.

त्यानंतर अक्का कुणाचंही ऐकत नसे. नातीला ती दुसरीकडं झोपूच द्यायची नाही. आणि साडूंची ती चूक मोठी गुणाची निघाली. इतर लेकरांना पाळणा वर्षभरात अपुरा पडतो. आमच्या या नातीला तो पडेचना. ती दर उन्हाळ्यात सेनगावहून यायची आणि चप्पल न काढता आधी पाळण्यात उडी घ्यायची. चार वर्षांची झाली तरी तो तिला सैल. पाच वर्षांची झाली, बरोबर झाला. सहाव्या वर्षी गुडघे मुडपून झोपावं लागायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचे पाय बाहेर यायला लागले, तेव्हा साडूंनी करवत काढली आणि पायाकडची पाटी कापून टाकली, म्हणजे तिला पाय लांब करता येतील. वर्तमानपत्र वाचत असल्यासारखं करून ते शेजारी बसायचे आणि पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढायचे. आता ते निवृत्त झाले होते. लोक त्यांना पाळणा करून मागायचे, पण त्यांनी पुन्हा काही केलं नाही. करवतीला नंतर गंज चढला.

परवाच्या मे महिन्यात मी कळमनुरीला गेलो होतो. नात आलेली होती, चांगली उंच झाली आहे, बोलते भराभरा. ती गल्लीतल्या मुलींबरोबर गच्चीवर झोपते म्हणे. ओसरीत पाळणा होता, त्यात घडी घातलेले कपडे. साडू त्याच्याजवळ बसले होते. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि बराच वेळ इकडचं तिकडचं विचारलं. दुकान कसं चाललंय, हळदीला भाव काय. मग एकदम म्हणाले, "साडूभाऊ, लेकरू वाढावं म्हणून तुमी टॉनिक इकता. वाढ थांबायचं काहून न्हाई ठेवत?"

मी म्हणालो, "निघालं की पहिली बाटली तुम्हाला."

"बराबर," ते म्हणाले. "पण लवकर बघा." आणि दोघंही हसलो. मला मात्र ते हसणं फार जड गेलं, कारण माझीही धाकटी लेक त्याच महिन्यात सासरी जायची होती, आणि असं औषध असतं तर मी ते साडूंना दिलंच नसतं, सगळं माझ्याच घरी ठेवलं असतं.